फोटोबुकात नावं कोण वाचतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं वाटलं. ‘छान लेख’ एवढंच लिहून जाणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक केव्हाही परवडला. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरगुती फोटोबुकात मजकूर कसा घालावा यावर मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं, की फॉन्ट, ओळींमधलं अंतर वगैरे ही ‘पुस्तकवाल्यांची थेरं’ आहेत. त्यांच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप होतं, फोटोशॉपमध्ये फोटोवरच अक्षरं पडतात, सगळं फ्लॅटन होऊन, म्हणजे फोटो आणि अक्षरं मिळून एकच चित्र होऊन, जेपेग लॅबला जातं आणि कुणाची तक्रार येत नाही. फोटोबुक लोक बघतात, वाचत नाहीत. आणि ‘मजकूर कमी ठेवा’ म्हणणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या नमुन्याच्या पानावर नऊ ओळी आहेत! शिवाय शेवटी एक टोला: घरी बसलेल्या माणसाने इनडिझाइन (पुस्तकाची पानं मांडायचं विकतचं सॉफ्टवेअर) आणायचं कुठून?

उत्तर देते, पण तुमच्या क्रमाने नाही.

‘वाचत नाहीत’ हे लग्नाच्या अल्बमबद्दल मला मान्य आहे. करिझ्मा अल्बम (जाड, चकचकीत पानांचा लग्नाचा अल्बम) उघडून बसणारे सगळे त्या मांडवात हजर असतात. नवरीच्या डाव्या हाताला कोण उभं आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून तुमच्या बारा बाय छत्तीस इंचांच्या शीटवर ‘जस्ट मॅरीड’, ‘फॉरेव्हर’ असलं काहीही खपून जातं. ते वाचायला नसतंच, मांडवाच्या तोरणासारखं असतं. मी लिहीत होते ते सहस्रचंद्रदर्शनाच्या पुस्तकाबद्दल. त्यातले निम्मे फोटो कृष्णधवल, कोपरे दुमडलेले, पाठीमागे शाईने काहीतरी लिहिलेलं आणि तेही पुसट. ते पुस्तक पुढे ज्यांच्या हातात जाणार, त्यांना फोटोतली दोन माणसंसुद्धा ओळखता येणार नाहीत. तिथे नाव नसेल तर तो फोटो म्हणजे जुन्या बाजारात मिळणारा कुणाचा तरी फोटो.

त्या नऊ ओळींचं तसंच आहे. तो ग्रुप फोटो आहे, वाड्याच्या पायरीवरचा, तीन रांगांचा. ‘मागची रांग, डावीकडून: आबा, त्यांचे मावसभाऊ, ताईआत्या (लग्नाआधी), मग ओळख न लागलेले एक गृहस्थ’ असं लिहीत गेलं की ओळी होतातच. मी ‘कमी’ म्हणाले ते विशेषणांना. ‘अविस्मरणीय क्षण’, ‘सोनेरी आठवणी’, ‘प्रेमाचा सुगंध’ हे काढा आणि त्या जागी गाव, साल, नातं लिहा. ओळख न लागलेल्या गृहस्थांनाही त्यांची जागा द्या. पुस्तक चार घरांत फिरलं की कुणीतरी फोन करून सांगतंच, ‘अगं, ते आमचे अण्णा.’

आता तुमचं फ्लॅटन आणि जेपेग. इथे जरा हिशोब करू, कारण ‘आमचं तर स्पष्ट येतं’ आणि ‘माझं फाटतं’ असं एकमेकांना सांगून काही निघत नाही.

तुमची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेल. फोटोला हे भरपूर झालं. पण ९ पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा आठवा भाग. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत सगळ्याला मिळून ३७-३८ पिक्सेल. त्यातच शिरोरेषा, वरची मात्रा, अनुस्वार, मूळ अक्षर आणि खालचा उकार बसवायचा. अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम चार-पाच पिक्सेल येतात. रोमन लिपीचं एवढ्यात भागतं, देवनागरीचं भागत नाही. वर जेपेग ही मुळात फोटोसाठी केलेली सोय. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून बारीक तपशील सोडून देते, आणि बऱ्याच सेटिंग्जमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी ठेवते. गालावरच्या छटेत ते कुणाला कळत नाही, अक्षराच्या काठाशी मात्र लगेच कळतं. हिरव्या शालूवर लाल अक्षरं टाकली की काठाला मळकट झालर येते ती यामुळेच. आणि तीच फाइल मंजुरीसाठी व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून फिरवून, परत आलेली कॉपी छापायला पाठवणारेही आहेत. (तुम्ही नाही. पण आहेत.)

तुमच्या शीटवर नावं ४० पॉइंटात असतात. तिथे हा प्रश्न येतच नाही, म्हणून तक्रारही येत नाही. नऊ ओळींची ओळखपट्टी ४० पॉइंटात बसवून दाखवा.

त्यामुळे माझा आग्रह एवढाच: मजकूर शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच राहू द्या. सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट बॉक्समध्ये, दुरुस्त करता येईल असा. छापखाना पीडीएफ घेत असेल तर फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलीतच भरून, पीडीएफ द्या, अक्षरांच्या कडा पिक्सेलमध्ये अडकत नाहीत. लॅब फक्त जेपेगच घेत असेल (अल्बमवाल्या बऱ्याच लॅब तशाच आहेत), तर अगदी शेवटच्या पायरीला, सगळ्यात वरच्या क्वालिटीला जेपेग काढा आणि बारीक मजकूर ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका. मूळ लेअरची फाइल (फोटो आणि मजकूर वेगवेगळे असलेली) गिऱ्हाइकालाही द्या. दुसऱ्या प्रतीच्या वेळी कळतं की आत्याचं सासरचं आडनाव चुकलंय, आणि फ्लॅटन झालेल्या फोटोवरून ते खोडायचं म्हणजे शेजारचा दगड उचलून अक्षरांवर चिकटवत, पायरीला क्लोन स्टॅम्प मारत बसायचं.

‘फ्लॅटन केलं की फॉन्ट उडायची भीती नाही’ असं म्हणालात. ही भीती खरी आहे, पण ती आली कुठून ते बघा. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फोटोशॉपला जोडाक्षरं जमत नव्हती त्या काळात हाच एक मार्ग होता आणि त्यावर महाराष्ट्रातली निमंत्रणपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंतची छपाई चालली. त्याचे उपकार आहेतच. पण तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच ओळ उघडली की समोर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी ‘आ’ हा ‘आ’च राहतो. आणि घरगुती पुस्तकाला याचा एक फायदा फार मोठा: ती सगळी नावं उचलून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकता येतात. मी टाकली होती. संध्याकाळपर्यंत नाशिकच्या काकूंनी दोन नाती सुधारून पाठवली, आणि ‘ती बेबीमावशी नव्हे, तिची नणंद’ यावर तासभर चर्चा रंगली. श्रीलिपीतला मजकूर असा पाठवता आला नसता, स्क्रीनशॉट पाठवून ‘तिसऱ्या ओळीतलं चौथं नाव’ असं बोलत बसावं लागलं असतं.

आता थेरं.

पहिलं थेर, अक्षरांतलं अंतर. इंग्रजी मथळा ऐटबाज दिसावा म्हणून टेम्पलेटमध्ये ट्रॅकिंग १०० किंवा २०० ठेवलेलं असतं. त्याच बॉक्समध्ये तुम्ही ‘सहस्रचंद्रदर्शन’ टाइप करता आणि शिरोरेषा जागोजागी तुटते. शब्द राहत नाही, सुटी अक्षरं उरतात. देवनागरीला ट्रॅकिंग शून्य, संपला विषय. हे बघायला पुस्तकवाला असावं लागत नाही.

दुसरं, ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअरचं ‘ऑटो’ हे साधारण अक्षराच्या १२० टक्के धरतं, कारण ते रोमनच्या हिशोबाने ठरलेलं आहे. आपल्याकडे वरच्या ओळीतला ‘कृ’ आणि खालच्या ओळीतली ‘र्थी’ एकमेकांत शिरतात. दीडपट ठेवा. ११ पॉइंटाला १६-१७.

तिसरं, खोटा ठळकपणा. फॉन्टात बोल्ड नसताना ‘बी’ बटण दाबलं की बरीच सॉफ्टवेअर्स आहे त्याच अक्षराला कडेने जाड करतात. ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या पोटातली जागा बुजते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. तुमचा लाडका सहा पिक्सेलचा काळा स्ट्रोक (अक्षराभोवतीची रेघ) लहान अक्षराला दिला की नेमकं हेच होतं. फोटोवर अक्षरं उठून दिसत नाहीत म्हणून स्ट्रोक, तरी दिसत नाहीत म्हणून ड्रॉप शॅडो, तरी नाहीत म्हणून ग्लो! त्यापेक्षा फोटो थोडा लहान करा आणि खाली पांढरी पट्टी सोडून तिथे साध्या काळ्यात लिहा. मोठं आकाश, समुद्र, मोकळी भिंत असलेल्या पानभर फोटोवर एखादी मोठी ओळ शोभते, तिथे तुमचं ऐकते. पण चेहऱ्यांच्या मधून मजकूर नेऊ नका.

चौथ्याला थेर म्हणालात तर मात्र मी ऐकणार नाही. आमच्या पुस्तकात एक पान ‘कऱ्हाड, प्रीतिसंगम’ असं आहे. कृष्णा-कोयनेच्या घाटावरचा फोटो. एका वेबसाइटच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये हे टाइप केलं तर त्याने अर्ध्या ‘र’चा रफार करून ‘ह’च्या डोक्यावर नेऊन ठेवला. पुढच्या पानावर ‘ॲड.’ लावलेले काका आहेत. त्यांच्या नावाच्या सुरुवातीला नुसता चौकोन. हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला, त्याआधी केलेल्या फॉन्टांत तो नसतो. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात फोटो टाकायच्याही आधी एक ओळ टाइप करून बघा: ‘कऱ्हाड, ॲड., क्षितिज, विठ्ठल, श्रद्धा, कुटुंबीय’. ‘क्षितिज’मधली पहिली वेलांटी ‘क्ष’च्या डावीकडे न बसता उजवीकडे पडली, हलन्त उघडा दिसला, की ते सॉफ्टवेअर मराठीच्या कामाचं नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये असं होत असेल तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडून नवीन डॉक्युमेंट उघडा (मधल्या आवृत्त्यांत याचंच नाव ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ आहे). इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’.

आणि इनडिझाइन कुठून आणायचं, तर आणू नका. मी ते कुणाला आणायला सांगितलेलंच नाही. पानं मांडायचं स्क्रायबस फुकट आहे आणि १.६ आवृत्तीत जोडाक्षरं नीट बसतात. चित्रं काढायचं इंकस्केपही फुकट. कंपनीचं ऑनलाइन सॉफ्टवेअरच वापरावं लागत असेल आणि त्याला मराठी जमत नसेल, तर मजकूर इंकस्केपमध्ये करून ६०० डीपीआयला पारदर्शक पीएनजी काढा आणि फोटोसारखा त्या पानावर ठेवा. म्हणजे इथे मीसुद्धा अक्षरांचं चित्रच करतेय, हे तुम्ही लगेच पकडाल. फरक एवढाच की मूळ मजकूर माझ्या फाइलीत शाबूत आहे, चित्र दुप्पट बारकाईचं आहे आणि फोटोला चिकटलेलं नाही. ते पानावर ताणून मोठं करायचं नाही, एवढं पथ्य.

घडीजवळ आणि कडेला अर्धा इंच सोडून मजकूर ठेवा, कटिंगमध्ये जातो, हे तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या बांधणीच्या पुस्तकात तर मधल्या बाजूला मी याहूनही जास्त सोडते, कारण पान पूर्ण उघडत नाही आणि ओळीचं शेवटचं अक्षर वाचायला पुस्तक मोडावं लागतं.

फॉन्ट कोणता, हे तुम्ही चिडून विचारलंत तरी उत्तर देते. विंडोजमधले कोकिळा आणि अपराजिता त्याच पॉइंटाला लहान दिसतात, ते घेतलेत तर आकार वाढवा. ओळखपट्टीसाठी मी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरते; ‘एक टाइप’ या संस्थेचा, फुकट, सात वजनांत (बारीक ते जाड) मिळतो. जुन्या फोटोंच्या पानांवर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट बरा वाटतो. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत, उतरवताना नाव नीट बघा, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपले येतील. ‘मुक्त’ घेताना रेग्युलरबरोबर सेमीबोल्डही इन्स्टॉल करा. नावं सेमीबोल्डमध्ये, बाकी रेग्युलरमध्ये, आणि त्या ‘बी’ बटणाला हात लावू नका.