विश्वाला 'नाही' ऐकू येत नाही

पन्नास रुपयांसाठी माणसाने लेख लिहू नये, हे मला मान्य आहे. परंतु ते ज्या तत्त्वज्ञानाच्या आधारे बुडवले जात आहेत, ते ऐकण्यात माझा अख्खा रविवार गेला असून तोही परत मिळण्याची चिन्हे नाहीत. साडूभाऊंनी 'समृद्धी शिबिरा'ची फुकट प्रवेशिका दिली आणि मी गेलो, एवढी प्रस्तावना पुरे.

शेजारच्या खुर्चीवर आमच्याच सोसायटीतल्या बी विंगचा एक तरुण बसला होता. "इथे चहा मिळणार नाही का?" एवढेच मी विचारले, तर त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, 'नाही' हा शब्द विश्वाला ऐकू येत नाही. तुम्ही 'कर्ज नको' म्हणालात, की त्याला फक्त 'कर्ज' ऐकू जातं, आणि ते लगेच पाठवून देतं."

"विश्वाला मराठी येतं?"

"भाषेचा प्रश्नच नाही, काका. त्याला भाव कळतो."

"भाव कळतो, तर नकार का कळत नाही? आमच्या बँकेतल्या शिपायालासुद्धा कळतो."

त्याने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि, एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळवावी अशा आवाजात, माझी फ्रिक्वेन्सी फार खाली असल्याचे सांगितले. तेवढ्यात व्यासपीठावरून आज्ञा झाल्यामुळे आम्हा दोघांना उभे राहून, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत, 'मी पैशाचा चुंबक आहे' असे तीनदा ओरडावे लागले. दोन चुंबकांचे सारखे ध्रुव समोरासमोर आणल्यावर काय होते, हे मी शाळेत शिकलो होतो. पण फ्रिक्वेन्सी आणखी घसरेल म्हणून गप्प राहिलो.

वक्त्याने मग १९३७ सालच्या एका अमेरिकन पुस्तकाची थोरवी गायली. ऐन महामंदीत श्रीमंतीचे पुस्तक खपले यात मला नवल वाटले नाही. छत्र्या पावसाळ्यातच विकल्या जातात. परंतु त्यानंतर त्याने 'मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण' ही तुकोबांची ओळ श्रीमंतीचे सूत्र म्हणून पडद्यावर झळकवली, शेजारी एका पांढऱ्या मोटारीचे चित्र लावले, आणि माझे डोके फिरले. त्याच अभंगात पुढे मोक्ष आहे, बंधन आहे, सुख-समाधान आहे, मोटार नाही. शिवाय ज्यांची ही ओळ, त्यांचे दुकान १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात बसले होते, आणि 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. मग त्या माउलीच्या मनात नेमका कोणता नकारात्मक विचार आला होता, हे कोणीतरी मला सांगावे. श्रीमंत झालात तर श्रेय सूत्राचे आणि न झालात तर दोष तुमच्या शंकेचा, असा हा व्यवहार आहे. एवढी सोय तर आमच्या गल्लीतल्या ज्योतिष्यालाही नसते, कारण त्याला निदान शनीला तरी दोष द्यावा लागतो. पुढच्या शिबिराची फी १४,९९९ रुपये होती. माझ्या देखत तीस हात वर झाले, आणि 'माझी स्वप्ने' असे छापलेल्या कागदाच्या पाठीवर मी गुणाकार केला: ४,४९,९७०. चुंबक होता खरा, पण तो व्यासपीठावर होता.

बाहेर पडताना पार्किंगवाला आडवा आला. बी विंगच्या चुंबकाने खिसे चाचपले आणि म्हणाला, "काका, नेटवर्क येत नाहीये, आणि सुटेही नाहीत." विश्वाला ऐकू न आलेले हे दोन्ही नकार मला मात्र स्पष्ट ऐकू आले, आणि मी पन्नासची नोट काढली.

गुरुवारी लिफ्टमध्ये, हवापाण्याच्या गप्पांनंतर, मी हळूच विषय काढला. तो अजिबात ओशाळला नाही. "काका, मागत राहिलात की कमतरतेचा संदेश जातो. पैसे मिळालेच आहेत असं समजा आणि मनापासून आभार माना." तिसरा मजला आला आणि तो उतरून गेला.

आज सकाळी मी ही पद्धत भाजीवालीवर करून पाहिली. कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून, पैसे मिळालेच आहेत असे समजून तिने आभार मानावेत, असे मी तिला सुचवले. तिने जुडी पिशवीतून काढून पुन्हा टोपलीत ठेवली.

"मग तुम्ही पण कोथिंबीर मिळाली असं समजा की, काका."