‘एलडॅप जोडून दिलं, पण डोकेदुखी वाढली’: बेळगावच्या उद्यमबागेतल्या ग्राहकाच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. आपल्या सर्व्हरवरच्या नेक्स्टक्लाउडला (फाइली ठेवायचं आणि शेअर करायचं सॉफ्टवेअर) आम्ही एलडॅपनं (खात्यांची यादी विचारायची पद्धत) ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजमधली कामगारांच्या खात्यांची यादी) जोडून दिली. त्यावर आपण दोन तारे देऊन चार तक्रारी लिहिल्यात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लिंकवरून ड्रॉइंग अजून उघडतात. एका पाटलांचं खातं मागे आकडा लागून दुसरंच तयार झालं आणि त्यांच्या जुन्या फाइली दिसेनात. डिझाइनच्या पोरांना त्यांचा फोल्डर दिसत नाही. आणि ‘साधं एलडॅप चालत असताना सर्टिफिकेटच्या नावाखाली एक दिवसाचं बिल लावलं’. उत्तर इथंच देतोय, कारण मच्छेपासून निपाणीपर्यंत जो कोणी स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड बसवून त्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरी जोडतो, तो यातल्या एखाद्या ठिकाणी अडतोच.

बिलाचं आधी. ३८९ पोर्टवरचं साधं एलडॅप ‘चालतं’ हे खरं. पण त्यात प्रत्येक लॉगिनला कामगाराचा विंडोज पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो. त्याच पासवर्डनं अकाउंट्सचा संगणकही उघडतो. म्हणून ६३६ वर एलडॅप-एस, म्हणजे कुलूपबंद एलडॅप हवं. त्यासाठी डोमेन कंट्रोलरला (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा विंडोज सर्व्हर) सर्टिफिकेट लागतं, आणि ते देणाऱ्या तुमच्याच सीएचं (सर्टिफिकेट अथॉरिटी) मूळ सर्टिफिकेट फाइल सर्व्हरला ओळखीचं करून द्यावं लागतं. विंडोजमधून ते बेस-६४ प्रकारात काढायचं, उबुंटूवर सीए-सर्टिफिकेट्सच्या फोल्डरमध्ये ‘डॉट सीआरटी’ शेपटानं ठेवायचं, अपडेटची आज्ञा द्यायची आणि मग पीएचपी (नेक्स्टक्लाउड ज्यावर चालतं ते) पुन्हा सुरू करायचं. ही शेवटची पायरी राहिली की माणूस दोन तास नसलेली चूक शोधत बसतो. होस्टच्या रकान्यात आयपी पत्ता टाकला तरी जोडणी नाकारली जाते. सर्टिफिकेटवर जे पूर्ण नाव आहे तेच तिथं हवं. तुमच्या माणसानं सुचवलेला ‘सर्टिफिकेट तपासणी बंद’ हा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो लावला तर समोरचा खरंच आपला डोमेन कंट्रोलर आहे का, हे कोणी बघतच नाही. हे बिल कमी होणार नाही.

पाटलांचं खातं. डिरेक्टरी जोडण्याआधी आपल्याकडे त्याच नावाचं एक स्थानिक खातं हातानं उघडलेलं होतं. नेक्स्टक्लाउड स्थानिक खातं आणि डिरेक्टरीतलं खातं कधीच एकत्र करत नाही. नाव आधीच घेतलेलं दिसलं की नव्याच्या मागे अधोरेषा आणि चार आकडे लावतो. फाइली गेलेल्या नाहीत, जुन्या खात्यात आहेत. मालकी बदलण्याची आज्ञा देऊन त्या नव्या खात्यात आणता येतात. हे होईपर्यंत जुनं खातं डिलीट करू नका, डिलीट केलं की फाइलीही जातात.

एलडॅपच्या सेटिंगमधल्या एक्सपर्ट टॅबमध्ये अंतर्गत नावासाठी काहीच न भरता सोडलं असतं, तर ऑब्जेक्ट-जीयूआयडीवरून (डिरेक्टरीतल्या प्रत्येक खात्याचा वेगळा ओळख-क्रमांक) लांबलचक नाव बनलं असतं आणि टक्कर झाली नसती. पण मग डिस्कवरच्या फोल्डरांची नावं कोणाला वाचता येत नाहीत, बॅकअपमधून एकाची फाइल काढताना जीव जातो. म्हणून आपल्याशी बोलूनच तिथं सॅम-अकाउंट-नेम, म्हणजे विंडोजचं लॉगिन नाव ठेवलं. अर्ध्या हजेरीपटावर पाटीलच असतात त्या आपल्या भागात तर ही नावं डोमेनमध्ये आधी नीट लावून घेणं भाग आहे. पहिल्या लॉगिननंतर हा रकाना बदलला तर फरक फक्त नव्या खात्यांना पडतो. आणि त्याच टॅबवरचं ‘मॅपिंग साफ करा’ हे बटण चालू सर्व्हरवर दाबायचं नाही. कोणाचा फोल्डर कुणाचा, हीच नोंद त्यानं पुसली जाते.

डिझाइनचा फोल्डर ज्या गटाला दिलाय, त्या गटात माणसं थेट नाहीत. त्यात ‘टूलरूम’ आणि ‘पॅटर्न’ हे दोन गट आहेत आणि माणसं त्यांच्या आत. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘नेस्टेड ग्रुप्स’ला खूण करावी लागते. लॉगिनच्या गाळणीत (कोणाला आत घ्यायचं ती अट) आतले गट धरायचे असतील तर मेंबर-ऑफपुढं (माणूस कोणत्या गटांत आहे ती नोंद) १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा नियम लागतो (टाकताना आकडे इंग्रजी). ‘डोमेन युजर्स’वर मात्र गाळणी लावू नका, तो प्राथमिक गट असल्यानं मेंबर-ऑफमध्ये येतच नाही. बदल केल्यावर दहा मिनिटं थांबा, कॅशे (तात्पुरती जपून ठेवलेली जुनी उत्तरं) मुळातच ६०० सेकंदांचा असतो.

आता लिंक, आणि आपली सगळ्यात रास्त काळजी हीच आहे. डोमेनमध्ये खातं बंद केलं की त्या माणसाचं लॉगिन थांबतं. सार्वजनिक लिंक उघडायला लॉगिन लागतच नाही, त्यामुळे डिरेक्टरीला कोणी विचारत नाही. सोडून जाणाऱ्याच्या लिंका हातानं मिटवायच्या, आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर करण्याआधी मिटवायच्या, नाहीतर त्याही सोबत जातात. पुढच्यासाठी शेअरिंगच्या सेटिंगमध्ये लिंकला पासवर्ड आणि मुदत सक्तीची करा. कास्टिंगच्या ग्राहकाला ड्रॉइंग बघायला ३० दिवस पुरतात. बंद खाती शेअर करताना सुचू नयेत म्हणून युजर गाळणीत युजर-अकाउंट-कंट्रोलची (खातं चालू की बंद हे सांगणारी नोंद) ‘बंद असलेलं नको’ अशी अट, ८०३ वर संपणाऱ्या नियमानं, घालावी. त्याच्या लॅपटॉपवर सिंक होऊन आधीच उतरलेल्या फाइली मात्र यातल्या कशानंच जात नाहीत. त्यासाठी रिमोट वाइप (दुरून फाइली पुसणं) आहे, पण तो लॅपटॉप पुन्हा सर्व्हरला जोडला जाईल तेव्हाच चालतो.

लिंकांची यादी काढणं आणि पाटलांच्या फाइली हलवणं देखभाल करारात बसतं, वेगळे पैसे नाहीत. त्यासाठी संध्याकाळची पाळी सुटल्यावरची वेळ कळवा, फाइली हलत असताना कोणी त्या उघडून बसलेलं नको.