‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे: एक खुलासा

‘इन’ हा उपसर्ग लागला की इंग्रजी शब्दाचा अर्थ उलटा होतो, म्हणून डब्यावर ‘इनफ्लेमेबल’ लिहिलेले असेल तर तो पदार्थ पेट घेत नाही, असे सांगणारा संदेश सध्या फिरत आहे. हा दावा चुकीचा तर आहेच, शिवाय तो जिवावर बेतू शकतो.

‘इनफ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ या दोन्ही विशेषणांचा अर्थ एकच आहे: चटकन पेट घेणारे. लॅटिनमधील ‘इन्फ्लामारे’, म्हणजे पेटवणे, या क्रियापदापासून हे विशेषण आले असून त्यातील ‘इन’ नकारार्थी नाही. ‘इनव्हिजिबल’मधील ‘इन’ नकार दाखवतो, तो वेगळा. दिसायला मात्र दोन्ही अगदी सारखे, आणि घोळ होतो तो इथेच. हाच गैरसमज टाळण्यासाठी अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हे रूप वापरण्याचा आग्रह धरला, आणि आजच्या धोकादर्शक लेबलांवर बहुधा तेच आढळते. न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉनफ्लेमेबल’ असा स्वतंत्र शब्द आहे. ‘कम्बस्टिबल’ म्हणजे ज्वलनशील. परंतु द्रवांच्या वर्गीकरणात हा शब्द तुलनेने अधिक तापमानाला पेटणाऱ्या द्रवांसाठी राखलेला असतो.

‘इनफ्लेमेबल’ माणसाच्या स्वभावालाही लावतात. तिथे अर्थ भडक डोक्याचा, शांत नव्हे. डब्यावर हा शब्द किंवा ज्वाळेचे चिन्ह दिसल्यास तो आगीपासून आणि ठिणगीपासून दूरच ठेवावा, आणि वरील संदेश कृपया पुढे पाठवू नये.