भूत सर्वनामात लपलंय

शर्ली जॅक्सनची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' बरेच जण हौसेने आणतात, साठ-सत्तर पानं वाचतात आणि 'फारच संथ आहे, भूत कुठंय?' म्हणून बाजूला ठेवतात. यात वाचकाचा दोष कमी. मलपृष्ठावरचा मजकूर भयंकर काहीतरी घडणार असं वचन देतो, आणि वाचक त्या भयंकराची वाट बघत बसतो. कादंबरी 1959 ची. भयकथाकार स्टीफन किंगने 1981 च्या 'डान्स मकाब्र' या भयसाहित्यावरच्या पुस्तकात मागच्या शंभर वर्षांतल्या दोनच थोर अतिमानुष कादंबऱ्यांत हिला जागा दिली. दुसरी हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू'. दोन्हींत भूत वाड्यात आहे की बघणारीच्या मनात, हे शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणून ही पुस्तकं कशी वाचायची, याला फार महत्त्व आहे.

माझं ठाम मत असं की मराठी वाचकाला ही कादंबरी निसटते ती शब्दसंग्रहामुळे नाही, व्याकरणामुळे. आपण मराठीत 'ती म्हणाली की मी येते' असं म्हणतो. मनातला विचार सांगतानाही 'तिला वाटलं, आपण इथून निघावं' असं काहीतरी येतं. 'मी' किंवा 'आपण' दिसलं की आपल्याला कळतं, इथून पात्राचं मन सुरू झालं. इंग्रजीत तिथेही 'शी' आणि तिथेही भूतकाळच. लेखिकेचं वाक्य कुठे संपलं आणि नायिका एलिनॉरचं मन कुठे सुरू झालं, तो सांधाच दिसत नाही. आपला कान 'मी' शोधत राहतो, तो सापडत नाही, म्हणून आपण सगळं लेखिकेने सांगितलेलं सत्य धरून चालतो. जॅक्सन नेमकी तिथे आपल्याला गाठते.

पहिल्या प्रकरणाचा शेवट उघडून बघा. एलिनॉर गाडीतून उतरण्याआधी वाड्याकडे बघते. आधी एक छोटं वाक्य येतं, वाडा ओंगळ होता अशा अर्थाचं. साधा भूतकाळ, 'तिला वाटलं' वगैरे काही नाही. लगेच पुढे तिच्या मनात तेच विशेषण येतं, या वेळी वर्तमानकाळात, आणि इथून ताबडतोब निघून जा असा इशाराही. आधी कोण म्हणालं? लेखिका, की एलिनॉर? एकदा हा प्रश्न पडला की पुढचं प्रत्येक पान वेगळं दिसायला लागतं.

म्हणूनच ही कादंबरी कागदावर वाचावी असं कळकळीने सांगतो. पन्नास पानं मागे जाऊन एक वाक्य ताडून बघणं, दोन पानांत बोटं घालून पुस्तक धरणं, समासात पेन्सिलीने खूण करणं, हे इथे पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि पेपरबॅक त्यासाठीच बरा.

प्रत निवडताना थोडं पारखून घ्या. खिशात मावणाऱ्या जुन्या अमेरिकन आवृत्त्यांचा टाइप बारीक आणि आतला समास इतका अरुंद असतो की ओळीची शेवटची अक्षरं कण्यात शिरतात. साधारण 13 बाय 20 सेंटिमीटरची प्रत बरी. फूटपाथवरच्या नकली प्रती स्कॅन करून छापलेल्या असतात: अक्षरं फुगलेली, कागद इतका पातळ की मागचा मजकूर दिसतो, समास तिरका. या कादंबरीत तिरप्या टाइपाला काम आहे. एलिनॉरच्या मनातले काही विचार त्यात येतात. पुसट छपाईत तिरपं आणि सरळ यातला फरकच बुजला तर वर सांगितलेला सगळा खेळ बिघडतो. घेण्यापूर्वी पृष्ठक्रमांक चाळून पाहा. फर्माच्या फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेला किंवा चिकटवलेला पानांचा गठ्ठा, गायब किंवा दोनदा लागलेला असू शकतो, आणि सोळा पानं गेली तर या पुस्तकाचा एक अख्खा प्रसंग जातो.

गोंदाने चिकटवलेला कणा एकदम मध्यात उघडून दाबू नका. गोंद जुना असेल तर तो तिथेच तडकतो आणि मग पानं सुटी होतात. पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरा, दोन्ही मुखपृष्ठं खाली टेकवा, मग पुढून दहा-पंधरा पानं, मागून दहा-पंधरा, अशी हलक्या हाताने दाबत मध्याकडे या. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं, कारण बाहेरून लॅमिनेशन असतं आणि दमट हवा शोषून फुगते ती फक्त आतली बाजू. वाचन थांबलं की वर दोन जड पुस्तकं ठेवा. कडक उन्हात मात्र वाळवू नका, स्वस्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

आता वाचन. नऊ प्रकरणं, दोनशेच्या आसपास पानं. इंग्रजी रोज न वाचणाऱ्याने तासाला पंचवीस पानांपेक्षा घाई करू नये; म्हणजे आठेक तास झाले. चार बैठकी करा: पहिली तीन प्रकरणं एकत्र, मग चौथं-पाचवं, मग सहावं-सातवं, आणि शेवटची दोन एका दमात. निदान पहिल्या वेळी दिवसा वाचा. रात्री अंथरुणात वाचलं की भीती जास्त वाटेल असा समज आहे, पण झोपाळलेला डोळा वाक्यं गाळतो, आणि इथे गाळलेलं वाक्यच नेमकं हवं असतं.

वाड्याचा नकाशा काढायचा प्रयत्न जरूर करा. खोल्या एकात एक वर्तुळांसारख्या, आतल्यांना खिडक्या नाहीत, प्रत्येक कोन काटकोनाला किंचित चुकलेला, दारं आपोआप मिटतात. नकाशा जुळणार नाही. वाड्याचा अभ्यास करायला सगळ्यांना जमवणारे डॉ. मॉन्टेग्यू चौथ्या प्रकरणात त्याचं कारण सांगतात, तोवर आपलाच तोल थोडा गेलेला असतो. संवादांत एलिनॉर, थिओडोरा, लूक आणि मॉन्टेग्यू हे चौघं बोलत असताना कोण बोललं हे बरेचदा लिहिलेलं नसतं. अडलं तर समासात ए, थि, लु, मॉ अशी अक्षरं टाका. ही माणसं घाबरली की थट्टा करतात, हेही लक्षात असू द्या. थट्टा वाढली की भीती वाढली.

इथून पुढे कथानक उघड होईल. वाचलं नसेल तर थांबा.

सर्वात जास्त पेन्सिल पहिल्या प्रकरणातल्या प्रवासात वापरायची. वाचक जिथे कंटाळतो तो हाच भाग. एलिनॉर 32 वर्षांची, अकरा वर्षं आजारी आईची शुश्रूषा केलेली, बहिणीशी भागीत घेतलेली गाडी नकार मिळूनही गुपचूप घेऊन निघालेली. वाटेत तिला काय काय दिसतं त्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा: एका मोठ्या घरापुढचे दोन दगडी सिंह, एका बैठ्या घराच्या पायरीवरची पांढरी मांजर, आणि खानावळीतली एक लहान मुलगी, जी दूध प्यायला तयार नाही कारण तिचा ताऱ्यांचा पेला इथे नाही. पेल्याच्या तळाशी तारे आहेत. एलिनॉर मनातल्या मनात त्या मुलीला सांगते, हट्ट सोडू नकोस.

पुढे वाड्यात थिओडोरा तिला विचारते, तू राहतेस कुठे. एलिनॉर आपल्या छोट्याशा फ्लॅटचं वर्णन करते. त्यात दगडी सिंह आहेत, पांढरी मांजर आहे, आणि आत तारे रंगवलेला एक निळा कप पूर्वी आपल्याकडे होता म्हणे. ती खोटं बोलतेय असं लेखिका कुठेही म्हणत नाही. मागची पानं ज्याने उलटली त्यालाच कळतं. अगदी शेवटी, तिला घालवून देत असताना, ती स्वतःच कबूल करते की फ्लॅट वगैरे काही नाही, बहिणीच्या घरी बाळाच्या खोलीत एका खाटेवर ती झोपते. पुस्तकातल्या कुठल्याही धडधडणाऱ्या दारापेक्षा ही खाट जास्त भीतिदायक आहे. ज्या बाईला परत जायला जागाच नाही, तिला 'घरी ये' असं भिंतीवर लिहिणारा वाडा मिळालाय.

ताडून बघायची दुसरी जोडी चौथ्या प्रकरणातल्या रात्रीची. दारं ठोठावल्याचा आवाज येतो आणि एलिनॉर अर्धवट झोपेत आईला उत्तर देते, आले आले म्हणून. तिथे खूण करा. बरंच पुढे ती सांगते की आई गेली त्या रात्री आईने भिंतीवर ठोठावलं होतं आणि ती उठली नाही. किंवा उठली आणि परत झोपली. दोन्ही पानं शेजारी धरून वाचा. मग दार कोण ठोठावत होतं, हे तुम्हीच ठरवा.

पाचव्या प्रकरणातला अंधारात हात धरण्याचा प्रसंग मोठ्याने वाचून बघा. वाक्यं लांबत जातात, श्वास घ्यायला जागा देत नाहीत, आणि हात थिओडोराचाच आहे अशी खात्री आपल्याला पूर्ण वेळ असते. ही खात्री देतं कोण? पुन्हा तोच 'शी' आणि तोच भूतकाळ.

रॉबर्ट वाइजचा 1963 चा कृष्णधवल चित्रपट पुस्तकानंतर अवश्य बघा. 2018 च्या मालिकेने मात्र नावं तेवढी घेतली आणि त्यांचं एक कुटुंब केलं. ती आधी पाहिली असेल तर पुस्तकात भावंडं शोधू नका.

पुस्तकाला प्रस्तावना असेल तर ती सोडून पुढे जा. अभिजात पुस्तकमालिकांतल्या प्रस्तावना शेवट सहज सांगून टाकतात. शेवटचं पान संपलं की लगेच पहिल्या पानावर या. पहिला परिच्छेद तीनच वाक्यांचा आहे, आणि शेवटी त्यातला बराचसा भाग जवळजवळ शब्दशः परत आलाय. आता त्यातलं 'एकटं चालणारं' जे काही आहे, ते कोण, याचा विचार करत एक रात्र जाऊ द्या. प्रस्तावना दुसऱ्या दिवशी.