लाल झाकणाची डबी

मधुमेहाला दहा वर्षं झाल्याबद्दल डॉक्टरांनी मला आहेर दिला, लघवीतल्या मायक्रोअल्ब्युमिनची, म्हणजे मूत्रपिंडातून झिरपणाऱ्या थोड्याशा प्रोटीनची, तपासणी करायची चिठ्ठी. मी म्हटलं, "पण लघवीत बुडवायच्या पट्टीवर प्रोटीन नाही असं आलंय की!" ते म्हणाले, "मोठ्या आसाच्या जाळ्यात जवळा सापडतो का? साधी पट्टी साधारण 300 च्या वरचं दाखवते. आपल्याला 30 ते 300 मिलिग्रॅममधलं बघायचंय." वेंगुर्ल्याच्या माणसाला मूत्रपिंड समजवायचं तर असंच.

घरी बातमी पोचताच बायकोने अंडी बंद केली. पांढऱ्यात अल्ब्युमिन असतं, हे तिला शाळेपासून पाठ. वास्तविक अंड्यातलं वेगळं आणि आपल्या रक्तातलं वेगळं. दोघांचं आडनाव एक, बाकी सोयरसुतक नाही. पण हे मला लॅबमध्ये कळलं, तोवर चार दिवस नुसती पेज आणि लोणचं.

नमुना पहाटेचा, पहिल्या धारेचा नव्हे, मधला. डबी भरली, झाकण आवळलं, वर्तमानपत्रात गुंडाळली, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग कापडी पिशवीत. एवढ्या मायेने मी हापूसही कधी बांधला नव्हता. साडेसहाच्या यष्टीत पिशवी मांडीवर उभी धरून बसलो. प्रत्येक खड्ड्याला छातीत धस्स.

शेजारी मासेवाली, टोपली पायाशी.

"काकानू, पिशयेत काय असा?"

"औषध."

"एवढा जपतास म्हणान इचारलंय. खंयचा वैद्य?"

मी खिडकीबाहेर माड मोजू लागलो.

लॅबमधल्या मुलीने डबी उजेडाकडे धरून पाहिली. तांब्याभर पाणी जास्त पिऊन मी मामला पातळ करून ठेवला होता, म्हणून निर्धास्त होतो. ती म्हणाली, "काका, आम्ही क्रिएटिनिनही मोजतो, शरीर रोज साधारण सारखाच बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ. पाणी प्यालात तर दोन्ही पातळ होतात, गुणोत्तर तेच राहतं." चोरी सापडली की आपण हसतो, तसा हसलो.

संध्याकाळी आकडा आला : 64. तीसच्या आत हवा. रात्रभर मला मूत्रपिंडाची चाळणी फाटलेली दिसत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आदल्या दिवशी काय केलंत?" काय करणार? गडी आला नाही, म्हणून कलमांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या चढणीने मीच वर आणल्या. एकोणीस! ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अंगमेहनत, ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, कशानेही हा वाढतो. शिवाय एका आकड्यावर काही ठरत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा करायची, त्यातल्या दोन वाढीव आल्या तरच."

पुढच्या खेपेला मी आदल्या दिवशी पेटी सोडाच, साधा नारळही उचलला नाही. पण यष्टी चुकली. दुसरी नऊला. डबी फ्रिजमध्ये सोलकढीच्या मागे लपवली आणि पडवीत जाऊन बसलो, तर मुंबईहून आलेला भाचा आतून ओरडला, "मामा, हे कोकमाचं की लिंबाचं?" त्या दिवसापासून बायकोने त्या फ्रिजला हात लावलेला नाही. दूधसुद्धा मीच काढून देतो.

दुसरा आकडा 22. म्हणजे एक असं, एक तसं, निकाल तिसऱ्यावर. परवा यष्टीत पुन्हा तीच मासेवाली. तीच कापडी पिशवी तिने ओळखली.

"काकानू, औषध लागू पडला काय?"

"पडला गो," मी म्हटलं, "अजून एक डबी बाकी असा."