निळ्या पात्याबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा पहिल्यांदा, खरं सांगतो, थोडा राग आला. दोन दिवसांनी परत वाचली तेव्हा माझ्याच लेखातली एक चूक दिसली, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

लेख न वाचलेल्यांसाठी: मी लिहिलं होतं की खिशातल्या चाकूचं पातं आचेवर धरलं आणि त्यावर रंग चढले, तर त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागलं असं समजा. निळं झालं तर पातं संपलं. सोबत कुठला रंग किती अंशांना येतो याचा तक्ता दिला होता. तुमचं म्हणणं असं, की नायलॉनची दोरी कापायला तुम्ही स्टेनलेसच्या घडीच्या चाकूचं टोक लायटरवर तापवलंत, चार वर्षांपूर्वी ते सोनेरी-तपकिरी झालं, आणि चाकू आजही झकास कापतो. रंग म्हणजे नुसता डाग, पॉलिशने निघतो. तापलेलं पातं लगेच पाण्यात बुडवलं की पाणी परत चढतं. ग्राइंडरवर रंग दिसला नाही म्हणजे काहीच बिघडलं नाही. आणि शेवटी, लेखकाने कधी चाकू हातात धरलाय का?

धरलाय. एक नासवलाही आहे, त्याबद्दल खाली सांगतो.

आधी चूक कबूल करतो. मी दिलेला तक्ता साध्या कार्बन पोलादाचा होता आणि तसं मी कुठेही म्हटलं नव्हतं. साध्या पोलादावर २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळी झाक येते, २५५ला तपकिरी, २८०ला जांभळी, ३००ला निळी, आणि ३३०च्या पुढे सगळं करडं व्हायला लागतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं. त्यामुळे हे रंग दाखवणारा वरचा ऑक्साइडचा थर सावकाश वाढतो आणि तेच रंग बरेच वर सरकतात: फिकट पिवळा २९०-३००ला, तपकिरी ३९०च्या आसपास, निळा थेट ५४०ला. म्हणजे तुमचं टोक माझ्या तक्त्याप्रमाणे अडीचशेला नव्हे, साडेतीनशेच्याही पुढे गेलेलं असणार. मी शंभर अंशांनी चुकलो, तेही कमी दाखवणाऱ्या बाजूला.

मग एवढं तापूनही तुमचा चाकू कापतो कसा? इथे तुमचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं आहे. चाकूंचं नेहमीचं स्टेनलेस हजार अंशांच्या वर तापवून थंड करतात आणि मग कमी तापमानाला पुन्हा तापवून, म्हणजे टेम्पर करून, त्याचा ठिसूळपणा घालवतात. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या खिशातल्या चाकूंचंच उदाहरण घ्या. १०४० अंशांना कडक केलेलं, १६०ला टेम्पर केलेलं, आणि शेवटी रॉकवेल ५६च्या आसपास येणारं पातं (रॉकवेल हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं पोलाद कडक). असं पोलाद २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात फारसं ढासळत नाही, फार तर दोन-चार रॉकवेल उतरतं. खरी घसरगुंडी पाचशेच्या आसपास सुरू होते. तुमचं टोक त्या सपाट पट्ट्यात राहिलं आणि वाचलं. साध्या कार्बन पोलादाचं साठ रॉकवेलचं पातं तेवढंच तापलं असतं तर पन्नासच्या आसपास आलं असतं, आणि मग तुम्ही ही प्रतिक्रिया लिहिली नसती.

स्टेनलेस निळं झालं तर मात्र तेवढा भाग बिघडला, हे म्हणणं मी मागे घेणार नाही. त्या तापमानाला कडकपणा तर जातोच, शिवाय क्रोमियम कार्बनशी जोडलं जाऊन अडकतं, गंज अडवायला मोकळं उरत नाही. टोकाशी गंजाचे बारीक ठिपके पडायला लागले तर 'स्टेनलेसला गंज कसा' म्हणून चाकू बनवणाऱ्याला बोल लावू नका.

आता डागाबद्दल. रंगाचा थर नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत, मोजावा इतका पातळ असतो. पॉलिशची पेस्ट लावून दोनदा चोळला की गेला, यात वाद नाही. पण तो थर म्हणजे बिघाड नव्हेच. पातं इथवर तापलं होतं याची ती खूण आहे, आणि बिघाड आतल्या पोलादात, आरपार झालेला असतो. खूण पुसल्यावर उलट तपासायला काही उरत नाही. जुना चाकू विकत घेताना बाकी पातं मळकट आणि टोक तेवढं आरशासारखं दिसलं, तर मी तरी हात आखडता घेतो. आणि रंग हा काही थर्मामीटर नव्हे. तो वेळेवरही ठरतो. लायटरच्या झपक्यात क्षणभर फार तापलेलं टोक फिकटच दिसू शकतं.

पाण्यात बुडवण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांच्या मनात असतो, आणि त्यात दोष आपल्या शब्दाचा आहे असं मला वाटतं. आपण 'पाणी देणं' म्हणतो, 'पाणी उतरलं' म्हणतो, म्हणून वाटतं की जे काही होतं ते पाण्याने होतं. पोलाद कडक होतं ते आधी ते पुरेसं तापलेलं असतं म्हणून. साध्या पोलादाला किमान ७२७ अंश ओलांडावे लागतात, म्हणजे पातं लालभडक हवं. प्रत्यक्षात आठशेच्या आसपास नेतात. तेव्हा आतली रचना बदलते, कार्बन लोखंडात विरघळतो, आणि मग झटकन थंड केलं तर तो बाहेर पडायच्या आत जागच्या जागी कोंडला जातो. त्या कोंडलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आणि पात्याचा कडकपणा तिच्यातून येतो. तीनशे अंशांच्या निळ्या पात्यात कार्बन नव्याने विरघळलेलाच नसतो, मग पाणी काय कोंडणार? बुडवा किंवा हवेत ठेवा, जे मऊ पडलंय ते मऊच राहतं.

बुडवण्याचा एकच उपयोग खरा आहे: टोकाची उष्णता मागे पात्यात सरकायची थांबते. तो फायदा मोठा आहे, पण तो नुकसान आवरण्याचा आहे.

आणि कुणी खरंच टोक लाल करून बुडवलंच, तर टोक काचेसारखं कडक आणि ठिसूळ होईल, त्याच्यामागे एक मऊ पट्टा राहील, आणि पहिल्याच तिरक्या जोराला ते तुटेल. स्टेनलेसला तर हजारच्या वर काही मिनिटं धरून ठेवावं लागतं, ते काम लायटरचं नव्हे.

आता माझा नासवलेला चाकू. कार्बन पोलादाचं, मधल्या लांबीचं घडीचं पातं होतं. ताडपत्रीची दोरी कापून तिची टोकं वितळवायची होती, म्हणून गॅसच्या बर्नरवर पात्याचं टोक धरलं. काही सेकंद काहीच नाही. मग अगदी टोकाशी पिवळी झाक उमटली, बघता बघता तपकिरी झाली आणि मागे सरकायला लागली, तिच्या मागोमाग जांभळी, मग निळी. पाठीकडे पातं जाड होतं, तिथे ती रेघ रेंगाळली. धारेच्या बाजूने मात्र ती पुढे पळाली, कारण तिथे तापायला धातूच नव्हता. मला ते इतकं सुंदर दिसलं की हात मागे घ्यायचं सुचलं नाही. (हे लिहितानाही थोडी लाज वाटते.) दोरी छान कापली गेली. दोरीचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, १६५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मी गरजेच्या दुप्पट तापवलं होतं.

धार लावली, लागलीही पटकन, आणि तिथेच शंका यायला हवी होती. पुठ्ठ्याचे तीन-चार काप मारले आणि दिव्याखाली धार बघितली. चांगली धार उजेडात दिसत नाही, तिला चमकायला जागाच नसते. माझ्या पात्यावर टोकाकडे जेमतेम दीड सेंटीमीटर पांढरी बारीक रेघ चमकत होती आणि पुढे एकदम नाहीशी होत होती. तेवढी धार दुमडली होती. नंतर त्याच टोकाने स्टेपलरची पिन उचकटायला गेलो तर टोक वाकलं आणि तसंच राहिलं. मऊ पडलेलं पोलाद आधीपेक्षा सहज लवतं असं नाही. ते लवल्यावर परत सरळ येत नाही, एवढाच फरक.

तुमचा ग्राइंडरचा मुद्दा मात्र मला धोक्याचा वाटतो. लायटरने तुमचं टोक तापलं, ते निदान दिसलं तरी. कोरड्या ग्राइंडरवर धारेची शेवटची केसभर कड क्षणात भाजते, आणि पुढच्याच फेरीत दगड रंगाचा तो थर खरवडून टाकतो. हाताला पातं कोमट लागतं, कारण हात जाड पाठीवर असतो. रंग दिसला नाही, धार मात्र आठवडाभरात बोथट होते, अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, धार कशावर लावली? बरी गोष्ट एवढीच की भाजलेली कड पातळ असते. हाताने, ओल्या दगडावर तीन-चार वेळा धार लावली की ती झिजून जाते आणि खालचं चांगलं पोलाद वर येतं. तुमच्या चाकूचं चार वर्षांत किती वेळा असं झालं असेल, हेही मोजायला हवं.

मी माझा चाकू टाकला नाही, म्हणून 'पातं संपलं' हे वाक्यही मी बदलतोय. एक जुनी बारीक कानस घेतली. मुठीजवळ, जिथे उष्णता पोचलीच नव्हती, तिथे पाठीवर अलगद ओढली तर ती सर्रकन घसरली, जेमतेम ओरखडा. तोच दाब ठेवून टोकाकडे येत गेलो तर एका जागी आवाज बदलला, खरखर झाली, आणि कानशीच्या दातांत चमकदार कीस दिसला. तिथे पेनने खूण केली. निळ्या आणि जांभळ्या भागाचे चार-पाच मिलिमीटर ओल्या दगडावर घासून काढले, तेही पाठीच्या बाजूने. घडीच्या चाकूचं टोक धारेच्या बाजूने घासून बसवलं तर बंद केल्यावर ते मुठीबाहेर डोकावतं आणि खिशात हात घालणाऱ्याला टोचतं. फिकट पिवळा भाग तसाच ठेवला, तिथे फार तर एक-दोन रॉकवेल गेले असतील. पातं आखूड झालं, थोडं बोजड दिसतं, रोज वापरतो.

पण आच मुठीपर्यंत, रिव्हेटजवळ गेली असेल तर घासून काही होत नाही, कारण मुठीतली स्प्रिंगही पाणी दिलेलीच असते आणि ती ढिली पडते. आणि उकळत्या पाण्याबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं, पण तुम्ही विचारलंत म्हणून: शंभर अंशांनी पात्याला काही होत नाही. मूठ प्लास्टिकची असेल तर तिची काळजी करा.

तक्ता आज बदलतोय, दोन पोलादांचे दोन रकाने करून. तुम्ही एवढं करा: तुमच्या टोकावर आणि मुठीजवळ तीच कानस त्याच दाबाने ओढून बघा आणि काय झालं ते इथे लिहा. दोन्हीकडे सारखीच घसरली तर मी तुमच्या चाकूबद्दल पूर्ण हरलो. आणि दोरीसाठी पातं तापवायची मुळात गरजच नसते. गार पात्याने कापा आणि लायटर दोरीच्या टोकाला दाखवा.