खुलासा: माशाच्या कानातला काचेसारखा खडा म्हणजे प्लास्टिक नव्हे

माशाच्या डोक्यातून निघालेल्या पारदर्शक खड्याचा फोटो ‘माशात प्लास्टिक साठलंय’ म्हणून फिरतोय. तसं नाही. तो माशाचाच ओटोलिथ, म्हणजे कानातला खडा आहे. फक्त त्याचं स्फटिकीकरण बिघडलंय.

माशाला अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात. सर्वसाधारणपणे मोठ्या जोडीत कॅल्शियम कार्बोनेट अॅरागोनाइट या खनिजाच्या रूपात साचतं: पांढुरकं, अपारदर्शक. कधी वाढ मध्येच व्हॅटेराइट या दुसऱ्या खनिजाकडे वळते. रासायनिक सूत्र तेच, रचना वेगळी. मग गाभा दुधी आणि कडा काचेसारखी, खडबडीत दिसते. पाळीव सामन माशांत हे बरंच आढळतं, झपाट्याने होणाऱ्या वाढीशी त्याचा संबंध दिसला आहे. पण नैसर्गिक पाण्यातल्या माशांतही सापडतं. गंमत म्हणजे तीनपैकी अॅस्टेरिस्कस नावाच्या जोडीत व्हॅटेराइट असणं हीच सामान्य स्थिती.

व्हॅटेराइट हलकं असल्याने माशाची ऐकण्याची क्षमता घटते. खड्यातली वाढीची वलयं मोजून माशाचं वय काढणाऱ्यांनी असा खडा बाजूला ठेवावा, त्यात वलयं नीट दिसत नाहीत. दुसऱ्या कानातला ठीक असू शकतो.

व्हिनेगरचा थेंब टाकल्यास बुडबुडे येतील, प्लास्टिकवर येणार नाहीत. मात्र दोन्ही खनिजं फसफसतात, त्यांच्यातला फरक रामन वर्णपटासारखी (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून खनिज ओळखणारी) प्रयोगशाळेतली चाचणी सांगेल.